दोन चुलींचा संसार : गिरणगाव आणि आपली कुटुंबसंस्था

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक स्मरणिका चाळून पाहिल्या तर त्यांतील इतिहास बहुधा एकाच वळणाचा आढळतो. अमुक साली अमुक गृहस्थ कोकणातून मुंबईस आले, गिरणीत लागले, चार गाववाल्यांना त्यांनी हाताशी धरले, वर्गणी काढून एक खोली घेतली, आणि त्या खोलीतूनच पुढे मंडळ, शिष्यवृत्ती निधी व विद्यार्थी वसतिगृह उभे राहिले. हा इतिहास खोटा नाही, आणि त्या पिढीने जे केले त्याबद्दल आपणां सर्वांना सार्थ अभिमान आहे. परंतु तो अर्धाच आहे. ते गृहस्थ मुंबईस आले तेव्हा गावी मागे कोण राहिले, त्यांची शेती कोणी कसली, त्यांच्या वृद्ध मातापित्यांची शुश्रूषा कोणी केली, आणि मुंबईत त्यांच्या पानात दोन वेळा भाकरी कोणी वाढली, या प्रश्नांची उत्तरे त्या पानांत सहसा सापडत नाहीत.

वर्ग, कुटुंब, स्त्रीपुरुषभेद, देशादेशांतील विषमता हे शब्द आपली मुलेमुली आता महाविद्यालयात शिकतात. पुस्तकात प्रत्येक शब्दाला स्वतंत्र प्रकरण असते, त्यामुळे ही चार निरनिराळी प्रकरणे आहेत असा विद्यार्थ्यांचा समज होतो. गिरणगावचा इतिहास पाहिला म्हणजे ती एकाच वस्त्राचे ताणेबाणे आहेत हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात तेवढेच दाखविण्याचा प्रयत्न आहे.

डॉ. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तीत एका छपराखाली राहणे, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणे, मालमत्ता समाईक असणे आणि देवकार्यात एकत्र भाग घेणे ही लक्षणे सांगितली आहेत. या व्याख्येच्या कसोटीवर गिरणी कामगाराचे कुटुंब लावून पाहावे. जमीन समाईक होती, कुलदैवत एक होते, शिमगा व गणपती एकत्र होत. पण छपरे दोन होती आणि चुलीही दोन. एक चूल रत्नागिरी जिल्ह्यातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या वाडीत पेटत होती, दुसरी परळ, लालबाग, वरळी किंवा नायगावच्या चाळीत. शिवाय या दुसऱ्या चुलीपाशी बसलेली स्त्री पुष्कळ वेळा त्या कामगाराच्या नात्यातलीही नव्हती, ती खानावळवाली होती. व्याख्या चुकली असे येथे म्हणावयाचे नाही. एका मोठ्या आर्थिक घडामोडीने कुटुंबाला कसे ताणले, ते त्या व्याख्येमुळेच नेमके दिसते.

ही घडामोड मुंबईत सुरू झाली खरी, पण तिचे सूत्र दूरवर होते. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली स्थापिलेली मुंबईची पहिली कापसाची गिरणी ताडदेव येथे 1856 साली चालू झाली. पाठोपाठ 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाचे भाव गगनाला भिडले. तिकडे लँकेशायरचे मजूर कामावाचून उपाशी, इकडे मुंबईचे व्यापारी शेअरबाजाराच्या धुंदीत, आणि अमेरिकेत ज्यांच्या गुलामीवर हा सारा कापूस पिकत आला ते निग्रो मजूर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, अशी एकाच मालाच्या तीन टोकांची तीन चित्रे होती. युद्ध संपताच 1865 साली भाव कोसळले व मुंबईत दिवाळ्यांची रांग लागली. पण गिरण्यांचा धंदा मागाहून सावरला आणि शतकाच्या अखेरीस शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या. यांचे सूत पुष्कळसे चीनला जाई. ती बाजारपेठ पुढे जपानने हिसकावली. घरच्या बाजारात लँकेशायरशी गाठ होती. तेथील मालकांच्या आग्रहाखातर इंग्रज सरकारने 1896 साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला, आणि तो 1926 सालापर्यंत कायदेपुस्तकात राहिला. राज्यकर्त्या देशाच्या मालासाठी जित देशाच्या मालावर जित देशातच कर बसावा, याहून देशादेशांतील विषमतेचे सोपे उदाहरण शिक्षकांना शोधूनही मिळणार नाही.

या स्पर्धेत मुंबईच्या मालकापाशी स्वस्त अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे मजुरी. यंत्रे इंग्लंडहून आणावी लागत आणि कोळसाही लांबून येई. मजुरी इतकी स्वस्त कशी राहिली? लोक गरीब होते म्हणून, असे उत्तर चटकन दिले जाते. ते पुरेसे नाही.

लँकेशायर, जपान आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी कापसाच्या गिरणीतील काम थोड्याफार फरकाने एकच होते. तरीही तिन्ही ठिकाणी कामावर उभी राहणारी माणसे निराळी होती. लँकेशायरच्या मागांवर विवाहित व अविवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत, आणि संध्याकाळी नवराबायको दोघेही त्याच गावातल्या घरी परतत. जपानच्या सूतगिरण्यांत बहुसंख्य कामगार खेड्यांतून आणलेल्या तरुण अविवाहित मुली होत्या. बापाला आगाऊ रक्कम देऊन त्यांना करारावर आणीत, गिरणीच्याच वसतिगृहात ठेवीत, आणि काही वर्षांनी त्या लग्नासाठी गावी परत जात. मुंबईत विवाहित पुरुष एकटे आले आणि बायका गावी राहिल्या. यंत्राने कोणाला बोलवावयाचे हे यंत्राने ठरविले नाही; मुलगी, सून व मुलगा यांच्यापैकी कोणाला घराबाहेर सोडता येते, हे त्या त्या समाजातील कुटुंबाने ठरविले, आणि मालकाने त्या ठरावाचा लाभ उठविला. वर्ग हा केवळ कारखान्यात घडतो असे मानणाऱ्यांनी या तीन शहरांकडे एकदा पाहावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कोकणातील जमीन तुकड्यातुकड्यांची, भात व नाचणीपुरती. तिच्यावर सर्वांचे भागत नव्हते म्हणून पुरुष आगबोटीने मुंबईस गेले. पण ती अगदीच नाकाम नव्हती म्हणून घर तेथेच राहिले. डाक खात्याने 1880 साली मनीऑर्डरीची सोय सुरू केली, आणि पुढील शंभर वर्षे रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा म्हणून ओळखला गेला. हे वर्णन मला नेहमीच एकांगी वाटत आले आहे. मुंबईचा पैसा गावी गेला हे त्यात दिसते. गावाने मुंबईला काय दिले ते दिसत नाही. ज्या काळी कामगाराला प्रॉव्हिडंट फंड नव्हता, आजारपणाची रजा नव्हती, ग्रॅच्युइटी नव्हती, त्या काळी तो आजारी पडला की गावी जाई, संप झाला की गावी जाई, थकला की कायमचा गावी जाई. बाळंतपण गावी, मुलांचे बालपण गावी, म्हातारपण गावी. कामगार राज्य विमा कायदा 1948 सालचा, प्रॉव्हिडंट फंडाचा 1952 सालचा, ग्रॅच्युइटीचा 1972 सालचा. त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षे हा सारा विमा गावच्या घराने उतरविला होता, आणि तो चालविणारी माणसे बहुतांशी स्त्रिया होत्या. भाताची लावणी, बेणणी, गुरे, पाणी, सरपण, सासूसासऱ्यांचे दुखणे, मुलांचे संगोपन या कामांचा मोबदला गिरणीच्या पगारात कधीच धरला गेला नाही. एका माणसाच्या पोटापुरता आणि वर थोड्या मनीऑर्डरीपुरता पगार मालकाला पुरला तो याच कारणाने. मजुरी स्वस्त राहण्याचे रहस्य ते हेच.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय मजूर आयोगाने 1931 सालच्या आपल्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते ही एक जमेची बाजू मानली व ते तोडू नये असा अभिप्राय दिला. अडीअडचणीला गाव आहे, हा त्यातील विचार. गावात अडचण निभावणारी जी स्त्री होती तिच्या श्रमाची किंमत मात्र हिशेबात आली नाही.

या व्यवस्थेची छाप शिरगणतीवर स्वच्छ उमटली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम पाचसहाशे स्त्रिया होत्या. त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. ही खूण अजून पुसलेली नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आढळल्या. हा आकडा दाखवून कोकणात स्त्रीला मोठा मान आहे असे सांगणारे वक्ते सभासंमेलनांतून भेटतात. मान असेल, नसेल. आकडा मात्र मानाचा नाही, घराबाहेर गेलेल्या पुरुषांचा आहे.

आता मुंबईच्या चुलीकडे वळू. पंधरावीस, कधी त्याहूनही अधिक पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत. दिवसपाळीचे लोक रात्री निजत, रातपाळीचे दिवसा. वळकट्या भिंतीशी, ट्रंका फळीवर, आणि दोरीवर कपडे. हीच गावकीची खोली. आपल्या बहुतेक मंडळांचा जन्म अशाच खोल्यांतला. या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालण्याचे काम चाळीतल्याच एखाद्या बाईकडे असे. स्वतःच्या एका खोलीत पहाटे उठून ती दहा, पंधरा, वीस माणसांच्या भाकऱ्या थापी, गिरणीच्या भोंग्याच्या आत डबे भरी, आणि रातपाळीवाल्यांसाठी पुन्हा चूल पेटवी. पुष्कळदा ती गिरणी कामगाराचीच पत्नी किंवा विधवा असे. हिशेब महिन्याचा, कोण किती दिवस जेवला नाही याचे खाडे वजा होत. पगार उशिरा झाला तर वाट तिने पाहावयाची, वाण्याचे देणे मात्र थांबत नसे. शिरगणतीच्या कामकऱ्याने विचारले असता नवरा सांगे, बायको घरीच असते. त्यामुळे धंदा करणारी ही स्त्री कागदोपत्री गृहिणी राहिली.

संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे ठळक आहेत. लोकमान्यांच्या शिक्षेनंतर 1908 च्या जुलैत सहा दिवस गिरण्या बंद पडल्या, 1928 साली जवळजवळ सहा महिने. एवढा काळ कामगार जगला तो काही अंशी गावाच्या आधारावर आणि काही अंशी खानावळीच्या उधारीवर. उधारी देणाऱ्या बाईवर तिच्या कर्जाचे ओझे राहीच. 1974 च्या सुमारास झालेल्या संपात ही गोष्ट प्रकर्षाने दिसून आली, आणि प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. राष्ट्रीयीकृत बँकांनी या बायकांना कर्जे दिली. ज्यांना कोणी उद्योजक म्हटले नव्हते त्यांच्या धंद्याला कर्जपात्र ठरावयास पहिली गिरणी निघाल्यापासून सव्वाशेच्या आसपास वर्षे लागली.

स्त्रिया गिरणीत नव्हत्याच असा समज मात्र करून घेऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1930 पर्यंत मुंबईच्या गिरणी कामगारांत स्थूलमानाने पाचव्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत स्त्रिया होत्या. वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत त्या प्रामुख्याने असत, आणि त्यांच्यावर नायकीण असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली साप्ताहिक सुट्टीसाठी महालक्ष्मीस जी प्रचंड सभा भरविली तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. आपल्या सभांच्या व्यासपीठावर स्त्रिया केव्हा आल्या हे आठवून पाहिल्यास या गोष्टीचे मोल कळेल. पुढे उषाबाई डांगे व पार्वतीबाई भोर यांनी स्त्री कामगारांना संपलढ्यांत आणले. दोघींचेही अनुभव मराठीत ग्रंथबद्ध झाले आहेत.

मग या स्त्रिया गेल्या कोठे? स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांचे प्रमाण बरेच घटले होते, आणि पुढे तर ते नाममात्र उरले. यासंबंधी एक उत्तर असे देतात की कायद्यांनी त्यांचे नुकसान केले. 1919 च्या वॉशिंग्टन परिषदेने स्त्रियांच्या रातपाळीस मनाई करणारा ठराव केला. मुंबई इलाख्यात 1929 साली प्रसूती लाभ कायदा झाला. या विधेयकावर 1928 साली मुंबई कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्यातला वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. भार पडला तो मालकावर, आणि मालकांनी नवीन स्त्रिया घेणेच कमी केले. त्याच सुमारास एका माणसाकडे अधिक यंत्रे देण्याची पद्धत व जलद चालणारी यंत्रे आली, पाळ्या वाढल्या. कायद्यावर सारा दोष ठेवणे म्हणूनच मला पटत नाही. दोन पाळ्यांत सारखे राबविता येईल असा मनुष्य मालकाला हवा होता, आणि आपल्या पुरुष कामगारांनाही, त्यांच्या संघटनांनाही, घरातील पुरुषाला संसारापुरता पगार मिळाला की स्त्रीने घरी बसावे हेच योग्य वाटत होते. पुरुषाला संसारापुरता पगार क्वचितच मिळाला. स्त्रिया मात्र घरी बसल्या, म्हणजे खानावळ, शिवण, भाजीची पाटी, धुणीभांडी यांकडे वळल्या.

येथे ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. ज्या नात्याच्या व गावाच्या धाग्याने आपल्या वाडवडिलांना गिरणीत शिरकाव मिळाला, तोच धागा दुसऱ्या कोणासाठी दोर झाला. जॉबर आपल्या माणसांना लावी. अधिक पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागते, त्याने विटाळ होतो, असे कारण सवर्ण कामगार सांगत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एका वर्गाची एकजूट म्हणवणाऱ्या संपात जात अशी उभी होती. एकाच भोंग्यावर येणारे दोन कामगार एका वर्गाचे होते काय, या प्रश्नाला पगारपत्रक एक उत्तर देई आणि पाण्याचा नळ दुसरे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. या वेळीही लोक गावी गेले, पण गावच्या जमिनीचे तुकडे आता अधिक लहान झाले होते, आणि जी मुले मुंबईत वाढली त्यांना ते गाव सुट्टीपुरतेच ठाऊक होते. ज्या विम्यावर गिरण्या चालल्या तो विमा याच वेळी अपुरा पडला. गिरणगावातील कित्येक घरांत त्या वर्षांत चूल पेटली ती घरातील स्त्रीने मिळविलेल्या पैशावर; पुरुषाची नोकरी गेली तेव्हा ती कामाला लागली असे म्हणण्याचा प्रघात आहे, वस्तुतः ती आधीपासूनच कामात होती.

कापडाचा धंदा जगातून नाहीसा झाला नाही, त्याने फक्त जागा बदलली. यंत्रमागावर भिवंडी, इचलकरंजी, मालेगावला गेला. तयार कपड्यांच्या रूपाने बांगलादेशासारख्या देशांत गेला. मुंबईने ज्या स्त्रियांना गिरणीबाहेर काढले त्यांच्यासारख्याच खेड्यांतल्या तरुण मुलींना ढाक्याच्या कारखान्यांनी निवडून आत घेतले, कारण त्या स्वस्त होत्या. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्यानजीक राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1134 माणसे मेली. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या, आणि त्या शिवीत होत्या ते कपडे युरोप व अमेरिकेच्या दुकानांसाठी. लँकेशायर, ओसाका, मुंबई, ढाका असा हा प्रवास पाहिला म्हणजे जुन्या अबकारी करावरून आपल्या आजोबांना आलेला संताप समजतो, आणि आज आपण स्वस्त सदरा घेताना भाव करतो तेव्हा त्या साखळीच्या कोणत्या टोकाला उभे आहोत हेही समजते.

मुंबईत गिरण्यांच्या जागेवर आता मनोरे उभे आहेत. त्या जमिनीच्या काही भागावर बांधलेली घरे गिरणी कामगारांना सोडतीने देण्यात आली, आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी त्यासाठी अर्ज केले. अर्जाचा आधार म्हणजे कामगाराचे गिरणीच्या दफ्तरातील नाव. तो हयात नसेल तर त्याचा वारस. वारसांत बहुधा मुलाचे नाव पुढे केले जाते, विधवा आई संमतीपत्रावर सही करते किंवा अंगठा उठविते. कायद्याने तिचा हक्क मुलाइतकाच आहे. संमतीपत्रावर सही होण्यापूर्वी ते तिला कोणी वाचून दाखवीत असेल, अशी आशा आहे. आपल्या मंडळाचे जे सभासद वकिली करतात त्यांनी निदान एवढे काम विनामूल्य करावे.

आणि आणखी एक विनंती. ज्या कुटुंबांच्या माळ्यावर खानावळीच्या हिशेबाच्या वह्या, मनीऑर्डरीच्या पावत्या, वाइंडिंग खात्यातील आजीची हजेरीची तिकिटे किंवा गावाहून आलेली पत्रे अजून शिल्लक असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. पावसाळ्यापूर्वी ती मंडळाच्या कचेरीत आणून दाखविल्यास त्यांच्या प्रती काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करता येतील. वह्यांवर नाव नवऱ्याचे आणि आतील हिशेब बाईचा, असे पुष्कळदा आढळेल. नोंद करताना दोन्ही नावे लिहून घ्यावीत.